शंकू

चिचगड रोडवर माझं दुकान.
तीस वर्षं राइस मिलचे हॉपर केले,
रुंद पोटाला निमुळतं तोंड जोडत आलो.
कोन जरा चुकला तर धान अडतं,
मग मिलवाला फोनवर शिव्या देतो
आणि त्याचा पोऱ्या दिवसभर पत्रा बडवत बसतो.
उतार म्हणजे काय, ते मला विचारा.

मार्च सरता सरता फुलवंताबाई कुमरे आली,
सोबत भाचा, भाच्याच्या मोबाइलात चित्र:
तीन पायांवर उभं चकचकीत पिंप,
खाली टोक, टोकाला कॉक.
"मोहाचा सडवा याच्यात टाकू म्हन्ते हा," ती म्हणाली.
"मडकं दरसाली फुटते, खरं हाय.
पन मले भरोसा नाही."
साठ लिटर. घरापुरतं.
एक लग्न, एक देवकार्य, बाकी येणारे-जाणारे.

भोजराज विचारत होता, पत्रा कापायचा कसा?
मी खिळ्याला दोरी बांधली, दोरीला खडू,
आणि फरशीवर अर्धं वर्तुळ ओढलं.
साठ अंशांचा शंकू उलगडला
की नेमकं अर्धं वर्तुळ होतं,
बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही.
देवरीच्या बाजारात फुटाणेवाली कागद वळायची,
तिच्यापुढे उभा राहून शिकलो.
पैसे नसायचे, म्हणून नीट पाहता आलं.

स्टेनलेस मानी असतं.
लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं,
हे गप्प राहतं आणि दुसऱ्या दिवशी वाकडं निघतं.
बाहेरून शिवण चांदीची दिसते,
आतून हवा लागली तर काळी, खरबरीत.
आम्ही तिला साखर म्हणतो.
ही साखर मोहाला चालत नाही.
तिच्या खाचांत मागच्या वर्षीचं आंबट
लपून बसतं.
म्हणून तोंडं चिकटपट्टीनं बुजवून
पोटात आरगॉन भरला.
गोंदियाहून आणलेलं सिलिंडर
अर्धं तिथंच संपलं, ते बिलात लावलं नाही.
मग खांद्यापर्यंत हात आत घालून
तीन दिवस घासत होतो.
डोळ्यांचा उपयोग नव्हता,
बोट जिथं अडेल तिथं पुन्हा.

रात्री पाणी भरलं, शिवणीवर बाहेरून खडू फासला.
सकाळी खडू कोरडा होता.
भोजराजनं त्या पाण्यानंच आंघोळ केली.

बाई आली, पिंपाभोवती दोनदा फिरली.
"मडकं बोलते," म्हणाली.
"पाचव्या दिवसी झिरझिर झिरझिर, मंग गप.
गप झालं का काढाचं. हे बोलन का?"
मी झाकणातली नळी दाखवली,
तिचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवायचं,
मग बुडबुडे मोजत बसायचं.
ती ग्लासाकडे पाहत राहिली,
पाहुण्याच्या लेकराकडे पाहावं तसं.

एप्रिलात एका मिलच्या कामावरून परतताना
मुद्दाम तिच्या गावावरून गाडी घेतली.
पडवीत पिंप. उन्हानं तापू नये म्हणून
भोवती ओलं पोतं गुंडाळलेलं.
नळी होती, ग्लास नव्हता,
ग्लासात कोणीतरी चहा पीत होतं.
तिनं माझ्यादेखत कॉक फिरवला.
आधी गाळ आला, दाट, कढीसारखा.
मी म्हटलं, फेका.
"फेकाचा कायले? हाच तं पुढच्याले जागवते,"
म्हणत तिनं तो फुटक्या मडक्याच्या बुडात झेलला.
माझ्या हॉपरमधून एवढी वर्षं
खाली पडायचा तो माल.
गाळालाही उतार लागतो,
हे डोक्यात आलं नव्हतं.

पोत्याला एका बाजूनं भोक पाडलेलं.
तिथं उघड्या पत्र्यावर तेलकट ठसा,
कानाएवढा, थोडा केसांचाही.
माझी घासून आणलेली चकाकी,
मी रुमाल काढला.
"राहू द्या जी," ती म्हणाली,
"तितूनच आयकू येते."